शेरीफ म्हणजे फक्त हार घालणारा का? मुंबईच्या जुन्या कोर्टी पदांबद्दल जरा सविस्तर

प्रश्न असा आहे की मुंबईचा शेरीफ, म्हणजे पेपरवाले ज्याला नगरपाल म्हणतात, हे पद नक्की कशासाठी आहे, तो फक्त पाहुण्यांना हार घालायला असतो का, आणि कोरोनर, जे.पी., प्रोथोनोटरी ही जी नावं जुन्या कागदांत दिसतात त्यांचं पुढे काय झालं. मी वकील नाही. फोर्टमधल्या सॉलिसिटर ऑफिसात मॅनेजिंग क्लार्क म्हणून तीसेक वर्षं काढली, त्यामुळे शेरीफच्या ऑफिसचे जिने बऱ्याच वकिलांपेक्षा जास्त चढलोय आणि तिथल्या समन्स-वॉरंट बजावणाऱ्या बेलीफ लोकांबरोबर उन्हापावसात पुष्कळ हिंडलोय, तेव्हा पुस्तकी कमी आणि पायाखालचं जास्त असं उत्तर देतो.

आधी नावाचा घोळ मिटवू. आमच्याकडे येणारे कितीतरी पक्षकार 'शरीफ' म्हणायचे, एकाने तर अर्जावर तसं लिहूनही आणलं होतं. त्या उर्दू शरीफचा याच्याशी काही संबंध नाही. इंग्लंडात शायर म्हणजे परगणा आणि रीव्ह म्हणजे राजाचा कारभारी, त्या शायर-रीव्हचा घासून घासून शेरीफ झाला. कोर्टाचा हुकूम बजावायचा, माणूस पकडून आणायचा, माल जप्त करायचा, कैदी सांभाळायचे, ज्युरी बोलवायची, ही त्याची कामं. आपल्या जुन्या व्यवस्थेत त्याच्या जवळ जाणारा कोण म्हणाल तर थोडाफार कोतवाल, पण कोतवाल सरकारचा आणि शेरीफ कोर्टाच्या कागदाला बांधलेला, हा फरक मोठा आहे.

आता मुंबईकडे येऊ. बेटं पोर्तुगीजांकडून लग्नाच्या तहात इंग्लंडच्या राजाकडे आली आणि १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्यावर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली हे सगळ्यांना माहितेय. त्यानंतर गव्हर्नर जेराल्ड आँजियरने ८ ऑगस्ट १६७२ ला इथे इंग्लिश कोर्ट उघडलं, त्या दिवशीच्या मिरवणुकीचं वर्णन शिल्लक आहे आणि ते वाचताना मला दर वेळी मजा वाटते. पुढे हिरव्या पोशाखातले पन्नास भंडारी दोन-दोनच्या रांगेत, मग हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असे त्या त्या समाजाचे वीस-वीस लोक, घोड्यावर नगारे नि कर्णे, मग सेक्रेटरी लोक राजाची सनद रुमालात बांधून घोड्यावरून नेतायत, गव्हर्नर पालखीत, आणि जज्ज जॉर्ज विलकॉक्स मखमली झूल घातलेल्या घोड्यावर, त्याच्यापुढे तुरुंगाचा रखवालदार आणि दोन टिपस्टाफ, म्हणजे कोर्टाचे दंडधारी शिपाई, बोडक्या डोक्याने पायी चालतायत. ही सगळी वरात बाजारातून फिरून कोर्टात गेली.

लोक याला थाटमाट म्हणून सोडून देतात. मला तसं वाटत नाही, कारण त्या काळी बेटावर कोर्टाचा हुकूम मानायला लावणारी यंत्रणा होती किती? मूठभर शिपाई. बाजारातल्या माणसाला जज्ज कोण, त्याच्या मागेपुढे कोण चालतं आणि तुरुंगाची चावी कोणाकडे आहे हे डोळ्यांनी दाखवायलाच लागायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी समन्स घेऊन गेलेल्या माणसाला कोणी दारात उभं केलं नसतं. हायकोर्टात अजूनही जज्जसाहेब चेंबरमधून निघाले की पुढे दंड घेऊन चोपदार चालतो आणि कॉरिडॉरमधले लोक आपोआप भिंतीला सरकतात. मी स्वतः हजार वेळा सरकलोय, हातात फाइलींचा ढीग असताना सुद्धा.

शेरीफ हे पद मात्र मुंबईत नीट बसलं ते १७२६ च्या सनदेनं. त्या सनदेत मुंबई, मद्रास, कलकत्ता तिन्हीकडे मेयर्स कोर्ट आलं, एक मेयर नि त्याच्याबरोबर निवाड्याला बसणारे नऊ ऑल्डरमन, आणि त्यांचे हुकूम बजावायला गव्हर्नर नि कौन्सिलने नेमलेला शेरीफ. इथे एक गंमत लक्षात घ्या, आज मेयर म्हटलं की आपल्याला महापालिकेतला महापौर आठवतो पण तेव्हाचा मेयर हा न्यायनिवाडा करणारा होता, गटारं-रस्ते हा त्याचा मुख्य धंदा नव्हताच. बसणारे बहुतेक कंपनीचे नोकर आणि व्यापारी, कायदा शिकलेले नाहीत, त्यामुळे भानगडी पण तशाच. १७३० मध्ये एका शिंपी समाजातल्या बाईने ख्रिस्ती धर्म घेतला, तिचा बारा वर्षांचा मुलगा तिला सोडून हिंदू नातेवाइकांकडे गेला, बाई कोर्टात गेली आणि कोर्टाने नातेवाइकांना मुलगा आईच्या ताब्यात द्या म्हणून हुकूम केला. लगेच गव्हर्नर कोवनचं सरकार मध्ये पडलं की जात-धर्माच्या भांडणात तुम्हाला अधिकारच नाही. १७४६ मध्ये तर हिंदू साक्षीदारांना गाईची शपथ घ्यायला लावण्यावरून वाद झाला. मग १७५३ च्या नव्या सनदेत एतद्देशीयांचे आपापसातले दावे दोघांची तयारी असेल तरच या कोर्टात, असं करून टाकलं.

पुढचे टप्पे भरभर सांगतो कारण त्यात नावं बदलली तरी शेरीफ तोच राहिला. १७९८ च्या सनदेनं रेकॉर्डर्स कोर्ट, म्हणजे मेयर-ऑल्डरमनांच्या जोडीला एक शिकलेला बॅरिस्टर रेकॉर्डर म्हणून बसवला (सर जेम्स मॅकिंटॉश हा त्यातलाच, ज्याने १८०४ मध्ये लिटररी सोसायटी काढली, ती पुढे एशियाटिक झाली). १८२४ ला सुप्रीम कोर्ट, १८६२ ला हायकोर्ट. बसायची जागा बरीच वर्षं लायन गेटसमोरची ग्रेट वेस्टर्न बिल्डिंग, मग १८७८ मध्ये ओव्हलसमोरची आत्ताची इमारत पुरी झाली आणि ती अंदाजपत्रकापेक्षा अडीच हजारांवर रुपये कमी खर्चात झाली, हे आमच्याकडे नवीन लागलेल्या प्रत्येक पोराला कोणीतरी सांगतंच.

सुप्रीम कोर्टाच्या काळात हुकुमाची ताकद कुठे संपते याचा एक जबरदस्त तमाशा झाला. पुण्यात मोरो रघुनाथ नावाचा मुलगा त्याच्या वडीलधाऱ्या नातेवाइकाच्या, पांडुरंग रामचंद्रांच्या ताब्यात होता, त्याला हजर करा म्हणून १८२८ मध्ये मुंबईच्या कोर्टाने हेबियस कॉर्पसचं रिट काढलं. गव्हर्नर माल्कम म्हणाला मुंबई बेटाबाहेर तुमचं रिट चालणार नाही. दोन जज्ज त्याच सुमारास वारले होते, एकटे जस्टिस ग्रँट उरले, त्यांनी १ एप्रिल १८२९ ला कोर्टच बंद करून टाकलं! शेवटी लंडनला प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या अपील कोर्टाने, सरकारची बाजू उचलली. हे सांगायचं कारण असं की रिटवर शिक्का कितीही मोठा असला तरी ते घेऊन जाणाऱ्या माणसाला दारात कोण अडवतो यावरच सगळं अडतं, आणि हे आमच्या धंद्यात आजही तसंच आहे.

बरं, मग शेरीफ म्हणून कायम शहरातला कोणीतरी बडा माणूसच का? याचं उत्तर मानमरातबात नाही, पैशात आहे. इंग्लिश कायद्यात कर्जापायी कैदेत टाकलेला माणूस शेरीफच्या ताब्यातून पळाला तर सावकार शेरीफवरच दावा लावू शकायचा. चुकीच्या माणसाचा माल जप्त केला तरी तेच. म्हणजे पदावर बसणारा असा हवा की उद्या कोर्टाने भर म्हटलं तर भरू शकेल. हळूहळू कैदी सरकारी तुरुंगात गेले, जोखीम कमी झाली, पण 'प्रतिष्ठित नागरिक, एका वर्षासाठी' ही चाल राहून गेली आणि मग तो शुद्ध मान झाला. डॉ. भाऊ दाजी लाड १८६९ आणि १८७१ असे दोनदा शेरीफ झाले, आणि १८६५ च्या शेअर मॅनियात त्यांचे चिकार पैसे बुडाले होते हे लक्षात घेतलं तर तोवर पद श्रीमंतीवरून नावलौकिकावर आलं होतं हे कळतं.

या मानाच्या बाजूला पण एक खरं काम चिकटलेलं होतं, ते म्हणजे जाहीर सभा. नागरिकांनी सह्यांचं पत्र द्यायचं आणि शेरीफने टाऊन हॉलमध्ये 'मुंबईच्या नागरिकांची सभा' बोलवायची. शेरीफने बोलावली की ती एका पार्टीची सभा राहायची नाही, शहराची व्हायची. ११ डिसेंबर १९१८ ला गव्हर्नर विलिंग्डनच्या सन्मानासाठी अशीच सभा शेरीफने बोलावली होती आणि जिना, हॉर्निमन वगैरे मंडळी आपली माणसं घेऊन सकाळपासून टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर बसली, आत शिरली, आणि ठराव ऐकू येणार नाही एवढा गोंधळ केला. पोलिसांनी हॉल रिकामा केला. त्या दिवसाची आठवण म्हणून वर्गणी काढून लॅमिंग्टन रोडजवळ काँग्रेस हाऊसच्या आवारात जिना हॉल उभा राहिला, पीपल्स जिना हॉल म्हणजेच पी. जे. हॉल. विलिंग्डनला सन्मान द्यायचा की नाही हा तर मुद्दा होताच पण 'शहराच्या नावाने' बोलायचा हक्क शेरीफच्या एका नोटिशीवर कसा काय ठरतो, हाही त्यात होता, असं मला वाटतं.

स्वातंत्र्यानंतर नेमणूक राज्य सरकारकडून, मान महापौरांच्या खालोखाल. दिलीपकुमार १९८० मध्ये झाले, नाना चुडासामा झाले, गावसकर १९९४ ला झाले. लोकांच्या डोक्यात शेरीफ म्हणजे एवढंच राहिलं, विमानतळावर परदेशी पाहुणा उतरला की गुच्छ घेऊन उभं राहणारं कोणीतरी. चेन्नईने हे पद १९९८ मध्ये बंदच करून टाकलं, मुंबई नि कोलकात्याने ठेवलं.

आता माझ्या बाजूचा शेरीफ सांगतो. हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला, म्हणजे मुंबईतले मोठे दावे जिथे थेट हायकोर्टात लागतात तिथे, प्रतिवादीला समन्स शेरीफच्या ऑफिसमार्फत जातं. आम्ही म्हणायचो 'शेरीफला टाकलं का?' तिथे डेप्युटी शेरीफ आणि त्यांच्या हाताखाली बेलीफ, ही कायमची माणसं. मानाचा शेरीफ वर्षाने बदलो किंवा खुर्ची रिकामी राहो, यांचं रजिस्टर रोज उघडतं. बेलीफ एकटा जात नाही, वादीच्या बाजूचा कोणीतरी पत्ता नि माणूस दाखवायला बरोबर लागतो, आणि तो कोणीतरी म्हणजे मी. काळबादेवीतल्या एका पेढीवर आम्ही सलग चार दिवस गेलो, चारही दिवस 'शेठ आत्ताच खाली गेले', पाचव्या दिवशी बेलीफकाका जिन्यातच चहा मागवून बसले आणि शेठ वरून खाली येताना सापडले. अनुभव म्हणतात तो हा.

पण खरी जादू बोटींची. परदेशी जहाज बंदरात आलंय, त्याने कोणाचे तेलाचे, दुरुस्तीचे नाहीतर खलाशांच्या पगाराचे पैसे थकवलेत, तर जहाजालाच अटक करता येते, मालक पनामात असो की ग्रीसमध्ये. आता यासाठी २०१७ चा अॅडमिरल्टी कायदा आहे, १ एप्रिल २०१८ पासून लागू, पण पद्धत जुनीच. आधी प्रोथोनोटरीच्या, म्हणजे हायकोर्टातले दावे ज्यांच्याकडून जातात त्या अधिकाऱ्याच्या, ऑफिसात कॅव्हिएटचं रजिस्टर बघायचं, म्हणजे समोरच्याने आधीच 'अटक करू नका, आम्ही हजर होतो' असं लिहून ठेवलंय का. मग दावा, प्रतिज्ञापत्र, चुकीची अटक निघाली तर नुकसान भरून देऊ अशी हमी, जज्जसाहेबांचा हुकूम, आणि वॉरंट. ते वॉरंट शेरीफच्या नावे निघतं. पोलिसाच्या नाही, कलेक्टरच्या नाही.

वॉरंट घेऊन मी पहिल्यांदा गेलो तो पावसाळा होता. भाऊच्या धक्क्यावरून लाँच, बेलीफ साठीकडे झुकलेले, शर्टाच्या आत प्लास्टिकच्या पिशवीत वॉरंट आणि पँटच्या खिशात चिकटपट्टीचं रीळ. जहाज बाहेर अँकरेजला उभं, लाँच वर-खाली होतेय, वरून दोरीची शिडी सोडलेली आणि काका चप्पल लाँचवर काढून अनवाणी चढले. कॅप्टन बहुधा पूर्व युरोपातला, त्याने कागद वाचला, शेरीफ हा शब्द दिसल्यावर काकांच्या छातीकडे पाहिलं आणि हसत विचारलं, तुमचा तारा कुठाय? इंग्लिश सिनेमातला बिल्ला शोधत होता बिचारा. काकांना काही कळलं नाही, त्यांनी शांतपणे ब्रिजच्या, म्हणजे जहाज चालवायच्या केबिनच्या, काचेला बाहेरून वॉरंट चिकटवलं, चारी कडा पट्टीने दाबल्या, वेळ लिहून घेतली, एक प्रत कॅप्टनच्या हातात. चाळीस हजार टनांचं जहाज त्या चिकटपट्टीवर अडीच महिने उभं राहिलं. अर्थात हुकुमाची प्रत तोवर पोर्ट आणि कस्टम्सला पोचलेली असते आणि ते क्लिअरन्स देत नाहीत म्हणून ते अडतं, हेही खरं, पण कागदावर ताबा शेरीफचा. मालकाने पैसे भरले नाहीत तर कोर्टाच्या हुकमाने लिलाव शेरीफच करतो. जहाज सांभाळण्याचा खर्च त्या पैशातून आधी वळता होतो, विक्रीवर शेरीफचं पाउंडेज म्हणजे फी लागते, आणि बाकीचे घेणेकरी आपापल्या क्रमाने रांगेत.

म्हणून मी म्हणतो, पद टिकतं की जातं हे त्याच्या शोभेवर ठरत नाही, त्याच्या नावाने एखादा कागद निघतो का यावर ठरतं. प्रोथोनोटरी घ्या. नाव बायझंटाइन दरबारातलं, पहिला लेखनिक असा अर्थ, उच्चारताना नवीन वकिलांची जीभ अडखळते, पण 'प्रोथोनोटरी अँड सीनियर मास्टर' आजही हायकोर्टात आहेत कारण ओरिजिनल साइडचा प्रत्येक दावा त्यांच्या ऑफिसातून जातो. टॅक्सिंग मास्टर पण आहेत आणि त्यांचा इन्कम टॅक्सशी काडीचा संबंध नाही, ते कोर्टखर्चाची बिलं तपासून कापतात. आमची बिलं त्यांनी किती कापली ते विचारू नका.

उलट जे.पी. बघा. जस्टिस ऑफ द पीस ही एके काळी मुंबईतली सर्वात हवीशी अक्षरं होती, १८३२ च्या कायद्याने एतद्देशीयांना ती वाट उघडली आणि त्या दशकात नाना शंकरशेट, जमशेटजी जीजीभाय अशी मंडळी जे.पी. झाली. १८६५ च्या कायद्याने तर शहराचा कारभारच या जे.पीं.च्या मंडळाकडे दिला, आर्थर क्रॉफर्ड म्युनिसिपल कमिशनर, खर्च वारेमाप, मग ओरड, आणि १८७२ मध्ये चौसष्ट सभासदांची कॉर्पोरेशन आली. तेव्हापासून जे.पी.चं खरं काम गेलं, राहिली ती नावापुढची अक्षरं आणि सह्या-शिक्के. १९७३ च्या फौजदारी संहितेनंतर ते सह्यांचं काम एस.ई.एम. (स्पेशल एक्झिक्युटिव्ह मॅजिस्ट्रेट) नि मग एस.ई.ओ.कडे (स्पेशल एक्झिक्युटिव्ह ऑफिसर) गेलं. कॉर्पोरेशनच्या अध्यक्षाला मेयर हे नाव १९३१ मध्ये मिळालं, पहिले बोमन बेहराम, म्हणजे १७२६ चा जज्ज मेयर गेला आणि नाव तेवढं नव्या खुर्चीवर आलं.

कोरोनरचं मला थोडं वाईट वाटतं. १८७१ च्या कायद्याने मुंबई-कलकत्त्यात अपघाती, संशयास्पद मृत्यूची चौकशी कोरोनर करायचा, जे.जे.च्या परिसरात त्याचं कोर्ट, गरज पडल्यास ज्युरी. विम्याच्या आणि वारसाच्या कामांसाठी कोरोनरच्या कागदांकरता मी तिथे ताटकळलोय, वेळ लागायचा हे खरंच. पण पोलिसांच्या बाहेरचा एक माणूस मृत्यूचं कारण विचारतोय, मुडदा ताब्यात घ्यायला आलेल्या बायकोला खुर्ची देऊन विचारतोय, याला काही किंमत होती. पोलिसांचा पंचनामा बाकी राज्यात चालतोच, मग मुंबईला वेगळं कशाला, असं म्हणून १९९९ मध्ये ते पद राज्याने बंद केलं. त्याच्या नावाने निघणारा कागद दुसऱ्याच्या नावाने निघू शकत होता, खलास.

आणि प्रश्न विचारणाऱ्यांच्या घरी शेरीफच्या ऑफिसचं समन्स आलंय असं त्यांनी प्रश्नाच्या शेवटी लिहिलंय म्हणून तेवढं सांगतो. हार-गुच्छवाला शेरीफ समजून परत पाठवू नका. घेतलं नाहीत तर बेलीफ ते दाराला चिकटवतील, कधी नि कुणासमोर चिकटवलं याचा रिपोर्ट देतील आणि कोर्टाला तो पटला की तुम्हाला समन्स मिळालं असंच धरलं जाईल. सही करून घ्या, तारीख लिहा, आणि त्याच दिवशी वकिलाकडे जा.